थंड रंग की उष्ण रंग? आधी खिडकी पाहा, मग शेडकार्ड उघडा

रमजान ईद जवळ आली की रंगाच्या दुकानात उभे राहायला जागा नसते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवसही तसेच. गिऱ्हाईक घाईत असते, रंगारी त्याहून घाईत असतो आणि दुकानदाराला तर मान वर करायला फुरसत नसते. या घाईत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "खोली फार तापते हो, एखादा थंड रंग द्या." त्यावर काउंटरवरून तितक्याच झटपट उत्तर जाते, "आकाशी घ्या, नाहीतर पिस्ता घ्या." डबा उघडतो, मशीन फिरते, बिल होते. खोली कोणत्या दिशेला आहे, तिला खिडक्या किती, वर स्लॅब आहे की पत्रा, हे विचारण्याची कोणालाच गरज वाटत नाही.

मी स्वतः रंगाच्या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत आणि हेच उत्तर मीही अनेकदा दिले आहे. एकदा एका गृहस्थाने वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी थंड रंग मागितला. मी चांगला गडद आकाशी निवडून दिला. रंगाऱ्याने काम चोख केले. महिन्याभराने ते गृहस्थ परत आले. तक्रारीचा सूर नव्हता, पण बोलणे मनाला लागले. म्हणाले, "भाई, गरमी तर होती तशीच आहे. वर खोली आता दिवसासुद्धा अंधारी वाटते, घरात दुपारीही दिवा लावावा लागतो." त्यांच्या घराला पत्र्याचे छप्पर होते. मी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते. त्यांचे पैसे वाया गेले, माझा शब्द गेला. पण सर्वांत मोठे नुकसान रंगाऱ्याचे झाले. त्याच इमारतीतील आणखी तीन खोल्यांचे काम त्याला मिळायचे होते, ते दुसऱ्याकडे गेले. रंग मी निवडला होता, पण नाव त्याचे खराब झाले.

आपल्या समाजातील बरीच मंडळी रंगकाम, सुतारकाम, वीजकाम आणि हार्डवेअरच्या दुकानदारीत आहेत. म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडावासा वाटतो. माझे मत थोडक्यात असे आहे की, थंड रंग आणि उष्ण रंग हा भेद खरा आहे, कामाचाही आहे. पण तो डब्यात नसतो. खोलीत उजेड कोठून येतो आणि कसा येतो, यावर तो ठरतो. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा रंगारी हाच खरा कारागीर होय. नुसता रोलर फिरवणारे हात बाजारात पुष्कळ मिळतात.

थंड आणि उष्ण म्हणजे काय?

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या मुलांना हे पाठ असते. लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग; निळा, हिरवट निळा, जांभळट निळा हे शीत रंग. लाल-पिवळ्यात आगीची आणि उन्हाची आठवण असते, निळ्यात पाण्याची आणि आभाळाची. म्हणून डोळ्यांना आणि मनाला तसे वाटते. हे वाटणे खोटे नाही, पण ते मनाचे वाटणे आहे. तापमापक घेऊन एका फिकट निळ्या खोलीत आणि तितक्याच फिकट पिवळ्या खोलीत ठेवला, आणि बाकी सर्व सारखे असले, तर पारा दोन्हीकडे सारखाच राहील.

आपल्यातील लोहारकाम आणि वेल्डिंग करणारे बांधव हे अधिक चांगले जाणतात. लोखंड भट्टीत तापू लागले की आधी काळपट लाल होते. ७००-८०० अंशांच्या सुमारास लालबुंद, मग नारिंगी, मग पिवळे, आणि १२०० च्या पुढे पांढरे दिसू लागते. म्हणजे ज्याला आपण सर्वांत उष्ण रंग समजतो तो लाल रंग तापलेल्या लोखंडाची पहिली पायरी आहे. गॅसच्या शेगडीची निळी ज्योत चांगली जळत असते. ती पिवळी पडली की बर्नर साफ करायचा असतो, हेही घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा रंगाचे नाव आणि खरी उष्णता यांची सांगड घालू नये.

मग खोली तापते ती कशाने? शेवटच्या मजल्यावर आणि पत्र्याच्या घरात मुख्यतः छपराने, आणि इतर खोल्यांत पश्चिमेच्या भिंतीने व खिडकीतून आत येणाऱ्या उन्हाने. तेथे रंग खरेच काम करतो, पण आतला नव्हे, बाहेरचा. आणि तेथे निळा की पिवळा हे महत्त्वाचे नसते, फिकट की गडद हे महत्त्वाचे असते. पांढरे छप्पर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग परत फेकते, काळपट छप्पर तो पिऊन घेते. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेशी सामना करण्याची योजना आखली. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तेथे हाती घेण्यात आले. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना यासाठी धोरणाची गरज नव्हती. उन्हाळा लागण्यापूर्वी गच्चीवर चुना मारण्याची रीत त्यांना माहीत होतीच.

म्हणून "खोली तापते" असे गिऱ्हाईक म्हणाले की पहिला प्रश्न असावा, "वर काय आहे?" पत्रा किंवा उघडी गच्ची असेल तर सांगावे, "भाभी, आतल्या रंगाने गरमी जाणार नाही. आधी वर पांढरा हात मारू. आतला रंग तुमच्या पसंतीने घेऊ." यात रंगाऱ्याचे काम कमी होत नाही, उलट छपराचे काम वाढते. आणि सांगितले ते खरे निघाल्यावर ते घर कायमचे आपले होते.

दिशा आणि खिडकी

आता आतल्या खोलीकडे वळू. भिंतीचा रंग म्हणजे भिंतीवरून परत आलेला उजेड. उजेड जसा येईल तसा रंग दिसेल. उत्तरेच्या खिडकीतून मुख्यतः आभाळाचा उजेड येतो, तो किंचित निळसर असतो. पश्चिमेचा संध्याकाळचा उजेड पिवळा-तांबूस असतो. पूर्वेचा सकाळी पिवळसर आणि दुपारनंतर निळसर. एकच क्रीम रंग उत्तरेच्या खोलीत शांत पांढरट दिसतो आणि पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी पाच वाजता हळद लावल्यासारखा दिसतो. डबा तोच, रंगारी तोच, तरी गिऱ्हाईक म्हणते, "मी हा रंग सांगितला नव्हता."

सजावटीच्या इंग्रजी पुस्तकांत एक नियम छापलेला असतो की, उत्तरेच्या खोलीला उष्ण रंग द्यावेत आणि दक्षिणेच्या खोलीला थंड. आपले काही शिकलेले ठेकेदारही तोच नियम सांगतात. पण हा नियम थंडीच्या देशांतला आहे. तेथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कलूनच राहतो, उत्तरेच्या खोलीत ऊन जवळजवळ येत नाही आणि हिवाळाभर ती खोली गारठलेली असते. तिला पिवळ्या-नारिंगी रंगाचा आधार द्यावासा वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे गणित वेगळे आहे. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो. उन्हाळ्यात ऊन डोक्यावर असल्याने दक्षिणेच्या खिडकीतून ते फारसे आत येत नाही; हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे उतरला की लांबवर आत येते, आणि तेव्हा ते हवेसेही वाटते. आपली खरी अडचणीची बाजू दक्षिण नव्हे, पश्चिम आहे. उत्तरेची खोली तर आपल्याकडे घरातली सर्वांत सुखाची खोली असते. तेव्हा परक्या हवेतला नियम जसाच्या तसा उचलू नये.

माझ्या अनुभवाने मी असे सांगेन. पश्चिमेच्या खोलीला फिकट हिरवा, फिकट राखाडी-निळा किंवा स्वच्छ पांढरा बरा. संध्याकाळचे तांबूस ऊन या रंगांवर सौम्य होऊन पडते. तेथे पीच किंवा आंबा रंग दिला तर मे महिन्याच्या संध्याकाळी डोळ्यांना नको होते. पूर्वेची खोली कोणत्या वेळी वापरली जाते ते विचारावे. सकाळचा वावर असेल तर थंड छटा चालते. मुले संध्याकाळी तेथे अभ्यासाला बसत असतील तर थोडी उबदार छटा हवी, कारण तेव्हा तेथे सूर्य नसतो. उत्तरेच्या खोलीला मोठी खिडकी असेल तर दोन्ही प्रकार चालतात. खिडकी लहान असेल तर मात्र निळसर राखाडी टाळावा, पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती खोली उदास दिसते. कोकणातल्या घरांना हे विशेष लागू आहे, कारण तेथे जून ते सप्टेंबर आभाळच राखाडी असते.

पण आपल्यातील किती लोकांच्या खोलीला चार दिशा असतात? मुंबई, भिवंडी, मालेगावच्या वस्त्यांत एका खोलीला एकच खिडकी असते आणि तीही गल्लीत उघडते. समोर हातभर अंतरावर दुसरी इमारत. अशा खोलीला उत्तर-दक्षिण नसते. तिला समोरच्या भिंतीचा उजेड मिळतो, आणि समोरची भिंत हिरवी असेल तर खोलीत हिरवा उजेड येतो. अशा वेळी खिडकीत उभे राहून समोर काय आहे ते पाहावे. समोर हिरवी किंवा निळी भिंत असेल तर आत क्रीम किंवा फिकट बदामी रंग तो हिरवेपणा मारतो. समोर विटकरी भिंत असेल तर आत उबदार रंग देऊन लाली वाढवण्यात अर्थ नाही.

अशा अंधाऱ्या खोलीला "पांढरा मारा, उजेड वाढेल" असेही सांगितले जाते. हे अर्धे खरे आहे. चांगला पांढरा पडलेल्या उजेडापैकी ८० टक्क्यांच्या आसपास परत देतो, फिकट क्रीम ७० टक्क्यांच्या पुढे, मध्यम निळा ३०-४० टक्के आणि गडद मरून १० टक्क्यांच्याही आत. म्हणून गडद रंग नकोच. पण जेथे उजेडच नाही तेथे निव्वळ पांढरा रंग राखेसारखा मळकट दिसतो. तेथे किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा अधिक प्रसन्न वाटतो. छत मात्र पांढरेच ठेवावे.

रात्रीचा दिवा विसरू नका

आपली घरे रंगतात दिवसा आणि पाहिली जातात रात्री. कामावरून माणूस घरी येतो तेव्हा ट्यूब लागलेली असते. पूर्वी ६० वॉटचा पिवळा बल्ब असे. त्याच्या उजेडात निळी भिंत मळकी दिसे आणि पिवळी खुलून दिसे. नंतर ट्यूबलाइट आली आणि २०१५ नंतर एलईडी बल्ब घरोघरी पोचले. एलईडीच्या खोक्यावर एक आकडा असतो, २७०० के, ४००० के किंवा ६५०० के. आकडा लहान तर उजेड पिवळा, आकडा मोठा तर उजेड निळसर पांढरा. आपल्याकडे बहुतेक ६५०० चेच दिवे लावले जातात, कारण "जास्त उजेड पडतो" असे लोकांना वाटते. या निळसर उजेडात फिकट आकाशी भिंत दवाखान्यासारखी दिसते आणि क्रीम भिंत फिकी पडते.

यात वीजकाम करणाऱ्या बांधवांनीही लक्ष घालावे. भिंत थंड रंगाची असेल तर दिवा ३००० किंवा ४००० चा सुचवावा. एखाद्या गिऱ्हाइकाला आपली निळी खोली आवडेनाशी झाली असेल तर लगेच पुन्हा रंगवायला सांगण्याआधी दिवा बदलून दाखवावा. रंगाचे काम हातचे जाईल, हे खरे. पण हजारोंचा खर्च एका बल्बने वाचवणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक विसरत नाही.

शेडकार्डाचा धोका

शेडकार्डावरचा चौकोन दोन बोटांचा असतो, भिंत शंभर फुटांची. लहान चौकोनात जो रंग नाजूक दिसतो तोच चार भिंतींवर आला की अंगावर येतो, कारण एका भिंतीचा रंग दुसरीवर पडतो आणि दोन्ही अधिक गडद दिसतात. म्हणून कार्डावर जो आवडला त्याच्या एक पायरी फिकट घ्यावा, असे जुने उस्ताद सांगत. ते आजही खरे आहे. शिवाय फरशीचाही रंग भिंतीवर चढतो. लाल कोब्याच्या खोलीत पांढरी भिंत गुलाबी दिसते, शहाबादी फरशीच्या खोलीत तीच किंचित राखाडी.

उपाय साधा आहे. दोन रंगांचे लहान डबे घ्यावेत, एक थंड आणि एक उबदार. भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचे पट्टे मारावेत, तेही दोन जागी, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर. दोन हात देऊन पूर्ण वाळू द्यावे. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नये. चुना आणि डिस्टेंपर वाळल्यावर फिकट होतात, प्लास्टिक इमल्शन बहुधा किंचित गडद होते. मग ते पट्टे सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून घरच्या माणसांनी पाहावेत. विशेषतः घरातल्या बायकांचे मत घ्यावे, कारण दिवसभर खोलीत त्या असतात. एक दिवस जातो, पण नंतरचे वाद मिटतात.

हिशेबाची बाजू

थंड-उष्ण हा केवळ आवडीचा प्रश्न नाही, ठेक्याच्या हिशेबाचाही आहे. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, दार-खिडकी वजा करून भिंती सुमारे चार ब्रास, म्हणजे ४०० चौरस फूट. साधारण फिकट रंगाचे एक लिटर इमल्शन दोन हातांत १२० ते १४० चौरस फूट जाते. म्हणजे तीन-सव्वातीन लिटर पुरते. रंगारी हाच हिशेब धरून भाव सांगतो. मग गिऱ्हाईक म्हणते, "एक भिंत लाल करा" किंवा "भडक पिवळा द्या." येथे रंगारी फसतो. फिकट रंगात पांढरे टायटॅनियम भरपूर असते, ते खालचे झाकून टाकते. भडक लाल, नारिंगी आणि पिवळ्या रंगांत ते कमी असते, त्यामुळे दोन हातांत भिंत झाकत नाही. तीन, कधी चार हात द्यावे लागतात. रंग दुप्पट, मजुरी दुप्पट आणि भाव मात्र आधीच ठरलेला. कित्येक होतकरू ठेकेदार अशाच एका भिंतीत आपला नफा घालवून बसतात.

यासाठी भडक उष्ण रंगाचा भाव वेगळा सांगावा आणि तो काम सुरू होण्यापूर्वी सांगावा. खालचा हात त्याच रंगाच्या फिकट छटेचा द्यावा, म्हणजे वरचा महाग रंग कमी लागतो. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. न सांगता शेवटी पैसे मागितले तर भांडण ठरलेले.

याच ठिकाणी एक जिवाची गोष्ट सांगायला हवी. पूर्वीच्या पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या ऑइलपेंटमध्ये शिशाची रंगद्रव्ये सर्रास वापरली जात. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि ते २०१७ पासून अमलात आले. पण त्याआधीचे रंग जुन्या दारांवर, ग्रिलवर आणि भिंतींवर अजून आहेत. ते कोरडे घासले की धूळ उडते, ती रंगाऱ्याच्या छातीत जाते, कपड्यांवरून घरी येते आणि लहान मुलांच्या तोंडात जाते. शिसे मुलांच्या मेंदूला कायमचा अपाय करते. म्हणून जुना ऑइलपेंट पाणी मारून ओला घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, हात धुतल्याशिवाय चहा-बिडीला हात लावू नये आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. ठेकेदाराने घासकामाला पोरसवदा मुले लावू नयेत. दोन रोज लवकर काम उरकण्यासाठी कोणाचे लेकरू आजारी पाडण्याचा हक्क कोणालाच नाही.

दुकान आणि कारखाना

आपले बरेच वाचक व्यापारी आहेत. त्यांनी आपल्या दुकानाचा रंग निवडताना घरची आवड बाजूला ठेवावी. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक साडी घेऊन दारात उजेडाला जाते, हे दृश्य सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याचा अर्थ तुमच्या भिंतीवर आणि दिव्यावर त्याचा विश्वास नाही. गुलाबी किंवा हिरव्या भिंतींचा रंग पांढऱ्या कापडावर पडतो आणि घरी गेल्यावर कापड वेगळे दिसते. कापड, शिवणकाम, जरीकाम आणि रंगाईच्या जागी भिंती ना थंड ना उष्ण, साध्या पांढऱ्या ठेवाव्यात. तेथे उजेड आणि खरेपणा दोन्ही हवेत. जरीच्या कारखान्यात कारागिराचे डोळे दिवसभर सुईच्या टोकावर असतात. तेथे काळपट भिंती ठेवून विजेचे बिल वाचवणे म्हणजे कारागिराच्या डोळ्यांतून ते भरणे होय.

याउलट मटणाच्या दुकानाला फिकट हिरवट पांढरा रंग शोभतो. लाल रंगाकडे बराच वेळ पाहिले की डोळ्यांना हिरवट झाक दिसू लागते. सॅन फ्रान्सिस्कोतील हॅरी शर्मन या शल्यविशारदाने १९१४ मध्ये आपली शस्त्रक्रियेची खोली हिरवी केली ती डोळ्यांचा ताण घालवण्यासाठी. आजही बहुतेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेचे कपडे हिरवे किंवा निळे असतात. हिरव्याशेजारी लाल अधिक ताजे दिसते, आणि दिवसभर सुरी चालवणाऱ्या माणसालाही आराम पडतो. रंग विचार करून निवडला तर तो असा उपयोगी पडतो.

मशीन आले, पारख कोठे गेली?

जुने रंगारी चुन्यात चिमूटभर नीळ टाकत. चुन्याला वाळल्यावर किंचित पिवळेपणा येतो, तो निळीने मरतो आणि भिंत अधिक पांढरी दिसते. घरात बायका पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तेच तत्त्व. थंड आणि उष्ण रंगाचा सगळा व्यवहार त्या चिमटीत होता. पिवडी, गेरू आणि नीळ एवढ्या सामग्रीवर त्यांनी वाडे आणि चाळी रंगवल्या. खोलीत शिरल्यावर ते आधी खिडकीकडे पाहत, मग बादलीत हात घालत.

नव्वदच्या दशकात दुकानांत रंग मिसळण्याची मशीने आली. हजारो छटा, प्रत्येक वेळी तंतोतंत तोच रंग. ही सोय मोठी आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. दुसरा डबा कमी पडला तर आता छटा बदलत नाही, ही पूर्वीची डोकेदुखी गेली. पण मशीनबरोबर असे झाले की रंगाऱ्याने रंगाचा विचारच सोडून दिला. निवड गिऱ्हाइकाची, मिश्रण मशीनचे, आणि रंगाऱ्याकडे उरली फक्त मजुरी. ज्याच्याकडे फक्त मजुरी उरते त्याचा भाव दुसरा कोणीही पाडू शकतो. आज शहरांत मोठ्या कंपन्या आणि ठेकेदार थेट घरी जाऊन रंगाचा सल्ला देतात, त्याचे पैसे घेतात आणि काम मात्र आपल्याच पोरांकडून रोजावर करवून घेतात. सल्ला त्यांचा आणि घाम आपला, अशी ही वाटणी झाली आहे.

काही जण म्हणतील, गिऱ्हाईक जे मागते ते द्यावे, आपण कशाला शहाणपणा शिकवायचा? गिऱ्हाइकाची आवड मलाही मान्य आहे. कोणाला पश्चिमेच्या खोलीत आंबा रंगच हवा असेल तर तो जरूर द्यावा; घर त्याचे आहे. पण संध्याकाळी तो कसा दिसेल हे आधी सांगणे आपले काम आहे. माहीत असून न सांगणे हा व्यवहार नव्हे. आणि माहीतच नसेल तर शिकून घेण्यात कमीपणा नाही. दुसरे म्हणतील, एवढा वेळ कोणाकडे आहे? मी जी यादी दिली तिला दहा मिनिटे लागतात. वर काय आहे, खिडकी कोणीकडे, समोर काय, फरशी कोणती, दिवा कोणता, खोली केव्हा वापरता. सहा प्रश्न. दुकानदाराने ते कागदावर छापून काउंटरवर ठेवावेत, रंगाऱ्याने खिशातल्या वहीत लिहून ठेवावेत. आणि उत्तरे मिळाल्याशिवाय शेडकार्ड उघडू नये.

ज्या गृहस्थांचा उल्लेख सुरुवातीला केला, त्यांच्याकडे पुढच्या उन्हाळ्यात त्याच रंगाऱ्याला घेऊन मी स्वतः गेलो. पत्र्यावर पांढरा रंग मारला, आत आकाशीच्या जागी फिकट बदामी झाक असलेला पांढरा दिला. रंगाचे पैसे मी घेतले नाहीत, चूक माझीच होती. खोली महाबळेश्वर झाली नाही. पण दुपारचा दिवा लावायचा थांबला आणि पंख्याखाली बसवू लागले. त्या इमारतीतील पुढची कामे त्या रंगाऱ्याला मिळाली. तो आता कोणत्याही घरात गेला की बादली खाली ठेवून आधी खिडकी उघडतो. आपल्या प्रत्येक तरुण कारागिराने ही सवय लावून घ्यावी, एवढेच सांगणे आहे.